आकाश ऐकायला आलेली माणसे

स्मरणिकेसाठी लेख दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी विषय ठरवूनही टाकला होता. मधल्या सुट्टीतली बोरे, पावसात गळणारा आठवी ‘ब’चा वर्ग, असे काहीतरी. पण त्याच आठवड्यात आपल्या ९६ च्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रेल्वेवरून जुंपली आणि तो विषय बाजूला राहिला.

जे त्या ग्रुपवर नाहीत त्यांच्यासाठी, आणि विशेषतः आपल्या सर-बाईंसाठी, थोडक्यात सांगते. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावावरून जाणारा मार्ग मागे पडला आणि त्याचे कारण म्हणून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचे नाव पुढे आले. त्यावर आपल्या वर्गातल्या एका शेतकरी मित्राने लिहिले, “त्या छत्र्यांनी आपल्याला दिलं काय? कारखाने येऊ दिले नाहीत, आता रेल्वेही गेली.” अमेरिकेत असलेल्या एका मित्राने त्याला विज्ञानाचे महत्त्व पटवायचा प्रयत्न केला. त्याला उत्तर आले, “तू तिकडं बसून सांगू नकोस.” पुढे ग्रुप दोन दिवस शांत होता.

मी काहीच लिहिले नाही. कारण ते उत्तर मलाही लागू होते. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवाळीला आणि यात्रेला गावी येते, आणि रेल्वे झाली काय न झाली काय, माझे काही अडत नाही. पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. तसा तो नवा प्रश्न नाही. आपण आठवीत असताना शाळेच्या मैदानावरून त्या लोखंडी सांगाड्यांचे काम दिसायचे. विज्ञानाच्या सरांना आपण विचारले होते, की हे कशासाठी? सर म्हणाले होते, “आकाश ऐकायला.” मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “ऐकून काय मिळणार?” सगळे हसले. सरही हसले, पण त्यांनी उत्तर दिले नाही.

गेल्या काही महिन्यांत वेळ मिळेल तसे मी या दुर्बिणीच्या इतिहासाबद्दल वाचले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडते. ग्रुपवर न टाकलेला मेसेज समजा, जरा लांबलेला.

गोष्ट सुरू होते १९४४ साली. होमी भाभा १९३९ मध्ये केंब्रिजहून सुट्टीसाठी भारतात आले आणि महायुद्ध पेटल्यामुळे इथेच अडकले. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ते काम करू लागले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. मूलभूत भौतिकशास्त्रात अव्वल दर्जाचे संशोधन करणारी संस्था भारतात हवी, असा त्याचा आशय. पुढेमागे अणूपासून वीज निघू लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेर शोधावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत, हेही त्यांनी त्यात म्हटले होते. तारीख पुन्हा पाहा. हिरोशिमाला अजून सतरा महिने अवकाश होता. अणूच्या पोटात एवढी ताकद आहे हे सामान्य माणसाच्या गावीही नव्हते.

या पत्रातून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. सुरुवात बंगळूरला झाली आणि त्याच वर्षी ती मुंबईत, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात आली. पहिले वार्षिक अंदाजपत्रक होते ८० हजार रुपयांचे. ४५ हजार टाटा ट्रस्टचे, २५ हजार मुंबई सरकारचे आणि १० हजार वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यात जनतेचा पैसा होता. स्वातंत्र्यानंतर ट्रस्टचा वाटा कमी होत गेला आणि बहुतेक भार केंद्र सरकारवर आला.

भाभांची एक पद्धत होती. आधी पदे निर्माण करून मग ती भरायची, असे ते करत नसत. आधी माणूस शोधायचा, मग त्याच्याभोवती विभाग वाढू द्यायचा. आपल्या धंद्यातले एक उदाहरण देते, कारण आपल्या बॅचचे निम्मे लोक संगणकावरच पोट भरतात. आर. नरसिंहन अमेरिकेत शिकून १९५४ मध्ये या संस्थेत आले. त्यांच्याभोवती थोडे तरुण जमले. पूर्ण संगणक बांधण्याचा अनुभव त्यांच्यापैकी कोणालाच नव्हता. त्यांनी आधी एक छोटा नमुना केला आणि १९६० च्या सुमारास मोठा संगणक चालू केला. पुढे पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. भारतात रचना करून भारतातच बांधलेला हा पहिला संगणक. कोणत्याही कारखान्याने किंवा बँकेने तो मागितला नव्हता.

आता खोडदची गोष्ट. ती कळायला गोविंद स्वरूप हा माणूस समजून घ्यायला हवा.

स्वरूप यांचा जन्म १९२९ चा, उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वारा नावाच्या लहान गावातला. अलाहाबादला एम. एस्‌सी. झाल्यावर ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत लागले. तिथून १९५३ मध्ये त्यांना दोन वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला, सिडनीच्या रेडिओभौतिकी प्रयोगशाळेत पाठवण्यात आले. रेडिओ खगोलशास्त्र तेव्हा अगदी नवे होते. युद्धात रडारवर काम केलेली माणसे त्याच यंत्रांनी सूर्य आणि तारे ‘ऐकत’ होती. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सहाएक फूट व्यासाच्या ३२ डिश एका ओळीत लावलेल्या होत्या. त्यांचे तिथले काम संपत आले होते आणि त्या मोडीत निघणार होत्या. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या. ऑस्ट्रेलियाने त्या फुकट द्यायची तयारी दाखवली.

अडले ते भाड्यावर. सिडनीहून भारतात त्या आणायला जहाजाचे भाडे हवे होते, तेही परकीय चलनात. रक्कम काहीशे पौंडांची. आपल्याकडच्या सरकारी व्यवस्थेने म्हटले, डिश देताच आहात तर वाहतुकीचा खर्चही तुम्हीच करा. पत्रे जात राहिली, येत राहिली. स्वरूप १९५५ मध्ये दिल्लीला परत येऊन वाट पाहत बसले. डिश आल्या नाहीत. १९५६ मध्ये ते अमेरिकेला निघून गेले, स्टॅनफर्डमधून १९६१ मध्ये पीएच. डी. झाले आणि तिथेच प्राध्यापक म्हणून लागले. डिश पुढे केव्हातरी दिल्लीला पोचल्या. पण त्या चालवू शकणारा माणूस तोवर देशाबाहेर गेला होता.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगितला. “हुशार माणसे पैशासाठी देश सोडून जातात,” असे आपण अगदी सहज म्हणतो. हा माणूस पगारासाठी गेला नव्हता. काम करायला हत्यार मिळेना म्हणून गेला होता, आणि ते हत्यार एका जहाजाच्या भाड्याइतके लांब होते.

पुढचा प्रसंग याच्या अगदी उलटा आहे. १९६१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत बर्कली येथे जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांचे मोठे अधिवेशन भरले. तिथे परदेशात काम करणारे चार भारतीय एकत्र आले: गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन. चौघांनी ठरवले की भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा एक गट उभा करायचा आणि त्यासाठी परत जायचे. त्यांनी एक प्रस्ताव लिहून भारतातल्या काही प्रमुख संस्थांकडे पाठवला. सगळ्यांत ठोस उत्तर आले ते भाभांकडून. त्यांनी जगातल्या नामवंत खगोलशास्त्रज्ञांकडे चौकशी केली, या मुलांची पात्रता विचारली, आणि १९६२ च्या जानेवारीत तार केली. तारेचा मजकूर एवढाच, की आम्ही रेडिओ खगोलशास्त्राचा गट स्थापन करायचे ठरवले आहे, नेमणुकीचे पत्र मागून येत आहे. नंतरच्या पत्रात भाभांनी कळवले की हा गट अपेक्षेला उतरला तर आज कल्पनाही करता येणार नाही एवढी मोठी साधने पुढे उभी करता येतील.

प्रस्ताव गेल्यापासून तार येईपर्यंत साधारण चार महिने गेले. त्याआधी जहाजाच्या भाड्याचा निर्णय वर्षभरातही झाला नव्हता. देश तोच आणि सरकारी पैशाची चणचणही तीच. फरक एवढाच, की या वेळी हो म्हणायचा अधिकार असलेला माणूस विषय समजणारा होता आणि त्याने उत्तर द्यायला वेळ लावला नाही.

स्वरूप १९६३ मध्ये परत आले. चौघांपैकी इथे कायमचे राहिले ते एकटेच. मेनन आणि कुंडू काही वर्षे येऊन काम करून परत गेले. म्हणून मी याला विजयाची साधी-सरळ कथा म्हणणार नाही. चार जणांना बोलावले आणि एक टिकला. पण त्या एकाने काय केले ते पाहा.

आल्यावर त्यांनी पहिल्यांदा त्या ३२ डिश दिल्लीहून मागवून घेतल्या. १९६५ मध्ये आपल्या कल्याणजवळ त्या मांडून सूर्याची निरीक्षणे सुरू झाली. दहा वर्षांपूर्वी सिडनीत मागितलेले हत्यार असे अखेर हातात आले. मग त्यांनी उटीची दुर्बीण मांडली. तिची कल्पना समजायला अगदी सोपी आहे. उटी साधारण ११ अंश अक्षांशावर आहे. तिथे त्यांनी दक्षिणोत्तर ११ अंशांनीच कललेला डोंगरउतार शोधला आणि त्यावर ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असे पन्हाळीच्या आकाराचे यंत्र उभे केले. त्यामुळे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. पन्हाळ एकाच दिशेने फिरवली की आकाशातली वस्तू तासन्‌तास नजरेत राहते. पृष्ठभाग पत्र्याचा नाही, स्टेनलेस स्टीलच्या ११०० तारांचा आहे. ज्या देशाकडे पैसे कमी आहेत त्याने भूगोलाकडून असे काम करून घेतले.

हे उभारणाऱ्यांत अणुऊर्जा खात्याच्या ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली विशीतली मुले होती. अशी दुर्बीण त्यांनी आधी कधी बांधलेली नव्हती. भाभा १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात गेले. तरी काम थांबले नाही आणि १९७० मध्ये दुर्बीण सुरू झाली. तिच्या निरीक्षणांवरून १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी विश्वाचा जन्म महास्फोटातून झाला या मताला बळ देणारा पुरावा मांडला. गंमत अशी, की त्याच काळात, त्याच संस्थेत आपले जयंत नारळीकर होते, जे फ्रेड हॉइल यांच्याबरोबर स्थिर विश्वाचा सिद्धान्त मांडत आले होते. तेही केंब्रिज सोडून १९७२ मध्ये परत आलेले. एकाच सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत दोन विरुद्ध मते शेजारी शेजारी काम करत होती आणि कोणी कोणाचे तोंड बंद करत नव्हते. बुद्धिमान माणसे टिकायला हेही लागते. नारळीकरांनी पुढे १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी केली, ती स्वरूप यांच्या संस्थेच्या अगदी शेजारीच.

१९८० च्या दशकात स्वरूप यांनी जगातली मीटर तरंगलांबीची सर्वांत मोठी दुर्बीण बांधायचा घाट घातला. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये, आणि उरलेल्या १६ तीन भुजांवर पसरलेल्या, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. एकमेकींपासून सर्वांत दूरच्या डिशमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर. एवढ्या डिश नेहमीच्या पद्धतीने बांधल्या असत्या तर खर्च परवडलाच नसता. मग त्यांनी वेगळी रचना काढली. नळ्यांच्या सोळा कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले तारेचे दोर, आणि दोरांवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारेची जाळी. आपल्याकडची बाज कशी विणतात ते आठवा. चौकट भक्कम आणि मध्ये ताणलेली वीण. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो आणि पैसे वाचतात. लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरींना जाळीची भोके दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी ती भिंतच असते. अशा ३० डिशचे क्षेत्रफळ शंभर मीटरच्या सहा प्रचंड डिशइतके होते. १९८७ मध्ये सरकारची मंजुरी मिळाली. एकूण खर्च पन्नास-साठ कोटींच्या घरात गेला.

मग जागा कोणती? डोंगरांच्या आडोशाला, रेडिओ गोंगाट कमी असलेली, वारा फार नसलेली, भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेशी उत्तरेला आणि तरीही दक्षिणेचे आकाश दिसेल अशी. शिवाय शास्त्रज्ञांना राहायला, शिकवायला जवळ एखादे शहर हवे. या सगळ्या अटी पुण्यापासून ऐंशी किलोमीटरवरच्या आपल्या खोडदला जुळल्या. आपण सहावी-सातवीत असताना इथे क्रेन आल्या त्या अशा.

आता माझ्या कामाशी जवळचा भाग सांगते. या ३० डिश वेगवेगळ्या ऐकत नाहीत. प्रत्येकीचा आवाज प्रकाशतंतूच्या केबलने मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तिथे प्रत्येक डिशची प्रत्येक दुसरीशी जोडी लावली जाते. तीस डिशच्या ४३५ जोड्या होतात. या सगळ्या जोड्यांचा हिशेब सतत चालू ठेवायचा, तेव्हा कुठे आकाशाचे चित्र उमटते. सुरुवातीला त्यासाठी खास बनवलेली यंत्रे होती. नंतर २०१० च्या सुमारास इथल्या अभियंत्यांनी तेच काम साध्या, बाजारात मिळणाऱ्या संगणकांवर सॉफ्टवेअर लिहून करून दाखवले. हे वाचले तेव्हा मला थोडे लागले. शेवटच्या वर्षाला असताना मी खोडदला अर्ज करायचा विचार केला होता. कॉलेजात कंपन्या आल्या, दुप्पट पगाराचे पत्र हातात पडले, घरी कर्ज होते, आणि विचार तिथेच संपला. मला त्याचा पश्चात्ताप आहे असे नाही. पण ‘माणसे का जातात’ या प्रश्नाचे एक उत्तर मी स्वतः आहे, हे इथे कबूल केलेले बरे.

मग आपल्या मित्राचा प्रश्न. दिले काय?

विज्ञानाला काय दिले ते सांगणे सोपे आहे. २०१६ मध्ये युरोपचे शियापारेल्ली यान मंगळावर उतरत होते तेव्हा त्याचा अतिक्षीण आवाज खोडदला ऐकला गेला, आणि तो मध्येच थांबला हेही इथेच कळले. २०२३ मध्ये ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची खूण इथल्या नोंदींत सापडली. त्याच वर्षी, अवकाशालाच संथपणे हलवणाऱ्या अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचा पुरावा जगातल्या काही गटांनी एकत्र जाहीर केला. त्यात खोडदची निरीक्षणे होती. जगभरचे शास्त्रज्ञ इथे निरीक्षणाचा वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात.

व्यवहाराला काय दिले, याचे उत्तर आडवाटेने येते. जॉन ओ’सलिव्हन या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने सत्तरच्या दशकात स्फोट होणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे रेडिओ संकेत शोधायचा प्रयत्न केला. संकेत सापडले नाहीत. पण विस्कटलेला संकेत निवळून घ्यायचे जे गणित हाताशी आले, ते नव्वदच्या दशकात सिडनीत त्यांच्या गटाला बिनतारी संगणक-जोडणीसाठी उपयोगी पडले. आज घरोघरी असलेल्या वाय-फायच्या घडणीत त्याचा मोठा वाटा आहे. ही सिडनीची तीच संशोधन परंपरा, जिथे स्वरूप शिकायला गेले होते. पण मी हे उदाहरण फार ताणणार नाही. प्रत्येक दुर्बिणीतून वाय-फाय निघत नाही, आणि कशातून काय निघेल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच तर हा पैसा सरकारने घालायचा. जिथे फायदा कधी आणि कोणाला होईल हे माहीत नाही, तिथे कंपनी पैसे घालत नाही. मी कंपनीत काम करते, तीन महिन्यांपलीकडचे आम्हाला दिसत नाही.

पण आपल्या मित्राच्या बोलण्यातला दुसरा भाग मला खोडता येत नाही. ही दुर्बीण जे ऐकते ते इतके क्षीण असते, की एक मोबाइल चंद्रावर नेऊन ठेवला तर तो तिला आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक वाटेल. म्हणून आजूबाजूला शांतता हवी. म्हणून परिसरात मोठ्या उद्योगांवर बंधने आली. म्हणून रेल्वेची अडचण झाली. शांततेची किंमत कोण देतो? दिल्ली देत नाही, मुंबई देत नाही. ती देतो जुन्नर-आंबेगावचा तरुण, जो कामासाठी चाकणला जातो. ज्ञान सगळ्या जगाचे आणि त्यासाठीची तोशीस एका तालुक्याची, हा हिशेब बरोबर नाही. देशाने इथल्या आकाशाची शांतता वापरायची ठरवली असेल, तर गोंगाट न करणारे उद्योग, शेतमालाची प्रक्रिया, चांगले रस्ते, मुलांसाठी उत्तम विज्ञानशिक्षण यांवर याच भागात जादा खर्च करायला हवा. तो उपकार म्हणून नको, भाडे म्हणून हवा. सिडनीच्या वेळी जहाजाचे भाडे द्यायला हात आखडला आणि दहा वर्षे वाया गेली. इथल्या शांततेचे भाडे द्यायला तसेच केले, तर लोकांचा विज्ञानावरचा विश्वास जाईल, आणि तो परत आणायला दहा वर्षे पुरणार नाहीत.

हा प्रश्न आता आपल्यापुरता राहिलेला नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा होते आहे. २०२३ मध्ये तिच्यासाठी सरकारने २,६०० कोटी मंजूर केले. जगातल्या सर्वांत मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे ‘एसकेए’च्या, आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भाग घ्यायला १,२५० कोटी. हे आकडे मोठे वाटतात. पण सगळे मिळून आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के खर्च करतो. दक्षिण कोरिया चार टक्क्यांच्या वर करतो. आणि एकीकडे हजारो कोटींच्या घोषणा होत असताना, पीएच. डी. करणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने मिळत नाही अशा तक्रारी पेपरात येतच असतात. परदेशातल्या शास्त्रज्ञांना परत बोलवायच्या योजना निघतात, त्या निघाव्यातच. पण १९५५ आणि १९६२ हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. माणूस परत आला तो मोठ्या रकमेमुळे नाही. समोरच्याने वेळेवर उत्तर दिले, काम दिले आणि मग पंचवीस-तीस वर्षे त्याच्यामागे उभे राहिले, म्हणून आला आणि राहिला. स्वरूप २०२० मध्ये पुण्यात वारले. त्याच वर्षी खोडदच्या दुर्बिणीला अभियांत्रिकीतला मैलाचा दगड म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

सर, तुम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही ते बरे केले. १९९३ साली कोणालाच ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही म्हणूनच तर ते बांधले जात होते.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खोडदला जायचे असे माझ्या मनात आहे. आयोजकांशी बोलले आहे, परवानगी काढावी लागेल. आपला शेतकरी मित्र यायला तयार झाला आहे. म्हणाला, “येतो, पण तिथल्या साहेबांना रेल्वेचं विचारणार.” जरूर विचार. मीही तुझ्या शेजारी उभी राहीन. फक्त फाटकापाशी सगळ्यांनी मोबाइल बंद करायचे आहेत, तेवढे लक्षात ठेवा. दोन तास ग्रुपवर भांडता येणार नाही, समोरासमोर बोलावे लागेल.